छपरीतल्या कामाचा हिशेब

पातूर सोडलं, घाट चढला की रस्ता पठारावर येतो आणि पुढं मेडशी लागते. आता हा राष्ट्रीय महामार्ग 161. चौपदरीकरणाची कामं वाटली गेली तेव्हा एक टप्पा ‘अकोला ते मेडशी’ आणि दुसरा ‘मेडशी ते वाशिम’ असा पडला. निविदेच्या कागदावर का होईना, गावाचं नाव दिल्लीपर्यंत गेलं. बाबांच्या कानावर हे घातलं असतं तर त्यांनी एवढंच विचारलं असतं, की रस्त्याकडेची झाडं तोडली त्यांचं लाकूड कोणाच्या घरी गेलं.

बाबा सुतार. आमच्याकडं वाढई म्हणतात. गिऱ्हाइकं त्यांना ‘मिस्त्री’ म्हणत. चाळीसच्या दशकात ते जन्मले तेव्हा मेडशी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होती. त्यांनी हातात वासला धरला तेव्हा ती मध्यप्रदेशात होती. 1956 साली ती मुंबई राज्यात गेली, 1960 साली महाराष्ट्रात आली. 1 जुलै 1998 ला अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा निघाला आणि कागदपत्रांसाठी जायचं गाव बदललं. बाबांची छपरी मात्र होती तिथंच राहिली. घराच्या पुढच्या बाजूला बल्ल्यांवर उभी केलेली ती छपरी, तिच्यात जमिनीत पुरलेला बाभळीचा एक जाड ठोकळा, आणि त्या ठोकळ्याभोवती वर्षभर साचणारा ढलप्यांचा ढीग. गावाच्या शेतीत काय चाललंय हे तलाठ्याच्या पेरेपत्रकावरून जेवढं कळत नसे, तेवढं छपरीत दुरुस्तीला काय येऊन पडलंय त्यावरून कळायचं. माझा हा मागोवा त्याच वाटेनं जाणारा आहे.

मला आठवतं तेव्हापासून पुढची बरीच वर्षं छपरीत येणाऱ्या वस्तू ठरलेल्या होत्या. वखर, डवरं, तिफण, नांगर, जू, बंडीचं चाक. कपाशी आणि जवारीचा मुलूख, तूर मध्ये सरत्यानं पेरलेली. रोहिणी लागल्या की आमच्या दारात माणसांची रांग लागायची. खरं तर ही कामं शिमग्यानंतर आणून टाकली तर निवांत झाली असती. बाबा दर वर्षी सांगायचे आणि दर वर्षी कोणी ऐकायचं नाही. मृगाला चार दिवस उरले की मग डोक्यावर तिफण घेऊन गडी धावत यायचा.

“मिस्त्री, ढग पाहा कसे भरले. आजच पाह्यजे.”

“ढग मले दिसते. तुले तिफन मोडलेली आखाजीले काहून नाही दिसली?”

असं बोलून बाबा तिफण हातात घ्यायचेच. त्या पंधरवड्यात ते रात्री कंदिलाच्या उजेडात काम करत. वीज आल्यावर दिव्याखाली करू लागले, पण नेमक्या पहिल्या वाऱ्यात वीज जायची, तेव्हा कंदील खुंटीवरून उतरला नाही.

तिफणीतलं बाबांचं आवडतं काम म्हणजे चाडं. ज्यांनी तिफण पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तिफणीला तीन फण, प्रत्येक फणात उतरणारी बांबूची एक नळी, आणि तिन्ही नळ्या वर जिथं मिळतात तिथं लाकडाची कोरलेली वाटी. ती वाटी म्हणजे चाडं. पेरणारी बाई मुठीतून दाणे चाड्यात सोडत चालते आणि दाणे तीन भोकांतून तीन नळ्यांत वाटले जातात. आता ही वाटणी सारखी व्हायची तर वाटीच्या मध्ये उंचवटा नीट मधोमध हवा, तिन्ही भोकं एका मापाची हवीत आणि भोकांकडं जाणारा उतार एकसारखा गुळगुळीत हवा. एखाद्या बाजूला कोरणीचा एक घाव जास्त पडला की त्या तासात दाट पेरा आणि शेजारच्या तासात विरळ. शेतकऱ्याला ते आठ-दहा दिवसांनी, उगवल्यावर दिसणार. तोवर काही करता येत नाही.

बाबा चाडं कोरून झालं की ते तीन नळ्यांवर बसवून जमिनीवर उभं धरायचे. खाली गोणपाट. आईला हाक मारायचे, कारण मूठ सोडायची ती बाईच्या हातची हवी. माय हातातलं काम टाकून यायची, जवारीची मूठ सावकाश सोडायची. खाली तीन ढिगल्या पडायच्या. बाबा उकिडवे बसून त्या बघायचे. मग दाणे मोजायचे नाहीत. तिन्ही ढिगल्या बोटांनी ओढून सारख्या लांबीच्या ओळी करायचे आणि ओळींची टोकं जुळतात का ते पाहायचे. एखादी ओळ बोटभर पुढं गेली की चाडं परत ठोकळ्यावर. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. गडी दारात चुळबुळ करत उभा. माय म्हणायची, “सोडा ना आता, त्याले घाई हाये.” बाबांना ऐकू जायचं नाही.

या बारकाईचे त्यांना वेगळे पैसे मिळत नव्हते, हे सांगायला हवं. बलुत्याचा व्यवहार असा की आऊतामागं वर्षाची जवारी ठरलेली. वर्षभरात कितीदा दुरुस्ती आली, कशी केली, रात्र जागवली की नाही, याचा त्यात कुठं हिशेब नाही. चाडं तीनदा कोरणाऱ्यालाही तेवढीच आणि एकदा कोरून हातावेगळं करणाऱ्यालाही तेवढीच. नवी बंडी, नवा दरवाजा याचे पैसे निराळे. बाकी सगळं खळ्यावर.

आणि खळ्यावर जाणं बाबांना अवघड जायचं. रास मापायला लागली की बलुतेदारांनी जाऊन उभं राहायचं, ही रीत. मागावं लागत नाही असं म्हणतात. पण न मागता उभं राहणं हेसुद्धा मागणंच असतं. काही शेतकरी हात सैल सोडून टोपलं भरत. काही जण तुमच्या देखत मापारी थांबवून वर्षातली तुमची उशिराची कामं आठवायला लागत. पावसात भिजलेली, काळी पडलेली जवारी बलुत्याच्या ढिगात सरकवणारेही होते. बाबा तिथून आले की पोतं ओसरीत टाकून सरळ आंघोळीला जात. एकदा मला म्हणाले, “खळ्यावर उभं रायन्यापरीस नांगर मोडून जंगलात जावं वाटते.” त्यांच्या तोंडून आलेली एवढी कडक भाषा मला दुसरी आठवत नाही.

त्रिंबक नारायण अत्र्यांचा ‘गावगाडा’ 1915 सालचा. सरकारी नोकरीच्या निमित्तानं गावं जवळून पाहिलेल्या माणसानं देशावरच्या खेड्यांचं इतकं बारीक चित्र काढलं, की आजही बलुत्यावर लिहायचं तर तिथूनच सुरुवात करावी लागते. पण अत्रे पाहतात ते बहुतेक कुणब्याच्या बांधावर उभं राहून. बलुतेदार कामाला उशीर करतो, घेतो जास्त, देतो कमी, ही कुणब्याची तक्रार त्यांनी मनापासून मांडली आहे आणि ती खोटी नाही. छपरीच्या आतून तीच गोष्ट कशी दिसते, हे मला बाबांकडून कळलं. हल्ली शहरात बसून गावगाड्याच्या आठवणी काढणारे लेख येतात. त्यात बलुतं म्हणजे सगळ्यांनी सगळ्यांना सांभाळणं अशी मांडणी असते. बाबांनी एवढंच विचारलं असतं, की हे लिहिणाऱ्याच्या घरचं कोण खळ्यावर उभं राहत होतं.

बलुतं मोडायला सुरुवात झाली ती कोणी ठराव करून नव्हे. 1972 चा दुष्काळ त्यातला एक टप्पा. झळ मराठवाड्याला जास्त बसली, पण आमचं पठार मराठवाड्याला लागूनच. खळ्यावर रासच पडली नाही तर बलुतं कशातून द्यायचं? त्या साली सरकारनं रोजगार हमीची कामं काढली. 1977 साली त्याचा कायदा झाला आणि पुढं देशाच्या रोजगार हमी कायद्याला तो नमुना ठरला. बाबा तेव्हा तिशीतले. आऊतांचं काम नाही म्हणून तेही गिट्टी फोडायला गेले. तिथं टिकास-कुदळींचे दांडे मोडायचे. मुकादमाला कळलं की हा वाढई आहे. मग बाबांना दगड फोडण्यातून काढून दांडे बसवायला बसवलं. हजेरी दगड फोडणाऱ्याचीच, पण आठवड्याच्या आठवड्याला रोख. सुतारकामाची मजुरी नोटांमध्ये, ठरल्या दिवशी, कोणासमोर उभं न राहता मिळू शकते, हे त्यांना दुष्काळात समजलं. त्या दिवसांबद्दल बोलताना बाबा दुःखी होत नसत याचं मला लहानपणी नवल वाटायचं.

त्याच वर्षी राज्यात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. शेतकऱ्यानं कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा. तिचं बरंवाईट खूप लिहिलं गेलंय. छपरीत तिचा अर्थ असा होता की केंद्रावर बंड्यांच्या रांगा लागायच्या, बोऱ्यांनी भरलेली बंडी दोन-दोन दिवस जागच्या जागी उभी राहायची, आणि ओझ्याखाली उभ्या चाकाचे आरे ढिले पडायचे. मग हंगामाआधी चाकं तपासून घ्यायची पद्धत पडली. कापसाचा चुकारा आला की बाबांचे पैसे. चुकारा उशिरा आला की बाबांचेही उशिरा. ते येणे असलेले पैसे छपरीच्या आतल्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवत. चौथी शिकलेले, अक्षर सुबक. प्रत्येक घराची एक खूण आणि तिच्यापुढं आकडा. दिवाळीआधी माय भिंत पोतारायला घ्यायची तेव्हा विचारायची, “यातलं कोन्तं ठेवायचं?” बाबा भिंतीपुढं उभे राहून दोन-चार आकडे एका कागदावर उतरवून घेत आणि बाकीच्यांवर हात फिरवून म्हणत, “मार पोतारा.” घरातली सगळ्यात मोठी भांडणं या पोताऱ्यावरून झालेली मी पाहिली आहेत. माय म्हणायची की पोरांच्या अंगावर कापड नाही आणि तुम्ही भिंत पांढरी करता. तिचं बरोबर होतं.

बंडीचं चाक हे सुताराच्या कामातलं सर्वांत मोठं काम. त्याला वर्षभर आधी लागावं लागे. धुऱ्यावरची बाभूळ हेरायची, सौदा करायचा, तोडून तिचे ओंडके नाल्याच्या डोहात बुडवून ठेवायचे. पाण्यात राहिलेलं लाकूड किडत नाही. मग काढून सावलीत वाळवायचं. उन्हात टाकलं तर चिरतं. मेडशीच्या भोवती जंगल आहे, वनखात्याचं परिक्षेत्रही मेडशीच्याच नावाचं. पण सागाच्या एका फळीला पास-परवान्याचे हेलपाटे, तेव्हा बाबांचं लक्ष धुऱ्यावरच्या बाभळीवरच असे. 

चाकाच्या मध्ये तुंबा, त्यात बारा आरे, बाहेर सहा पुठ्ठे. एका पुठ्ठ्यात दोन आऱ्यांची कुसं. हे सगळं खिळ्याशिवाय जोडलेलं. ते घट्ट धरून ठेवते ती बाहेरची लोखंडी धाव, आणि धाव चढवायचा दिवस म्हणजे घरात सणासारखा. त्या दिवशी लोहार आणि बाबा एकत्र काम करत. चाकाच्या घेरापेक्षा धाव थोडीशी लहान जोडायची. किती लहान, ते लाकडाच्या वाळण्यावर, पुठ्ठ्यांच्या सांध्यांवर आणि लोखंडाच्या जाडीवर. बाबा चाकाभोवती दोरी फिरवून घेत, दोरीला गाठ मारत आणि गाठीच्या आत दोन बोटं ठेवून लोहाराला दाखवत. दोघांत यावरून थोडी हुज्जत होई. लोहार म्हणे दीडच बोट पुरे.

मग मोकळ्या जागेत धाव जमिनीवर आडवी टाकायची, तिच्यावर-खाली गवऱ्या रचायच्या आणि पेटवायच्या. लोखंड तापून फुगतं. लाल झालं की चौघांनी सांडशांनी धरून उचलायचं, शेजारी दगडांवर ठेवलेल्या चाकावर एका दमात बसवायचं आणि घण घालत खाली उतरवायचं. लाकूड धूर सोडतं, कडेनं पेटायला लागतं. आता घाई. घागरी ओतायच्या, सगळ्या बाजूंनी सारख्या. एका बाजूला पाणी आधी पडलं तर चाक वाकडं होतं. लोखंड आकसू लागतं आणि बारा आऱ्यांची कुसं एकेक करून आत सरकल्याचा आवाज येतो. तो आवाज ऐकायला बाबा चाकाजवळ कान नेत, वाफेत. सगळे बाजूला झाले तरी ते तिथंच. धाव फार घट्ट बसली तर आरे कमानीसारखे वाकतात, सैल बसली तर उन्हाळ्यात निघून पडते.

या सगळ्यात गवऱ्या कुठून आल्या, हे कोणी विचारत नसे. त्या मायनं थापलेल्या असत. धाव चढवायची असली की महिनाभर आधीपासून ती चुलीत काटक्या जाळून गवऱ्या वाचवायची. पाण्याच्या घागरीही तिनंच विहिरीवरून भरून ओळीनं मांडलेल्या. चाकाचे पैसे बाबांना मिळत, लोहाराचा वाटा लोहाराला. कष्टाळू बापाच्या गोष्टी सांगताना आपण बापाला छपरीत एकटा उभा करतो. आमच्या छपरीत तो एकटा नव्हता.

लाकडी चाक पहिल्यांदा हललं ते टायरनं. जुन्या जीपचे, ट्रकचे आख आणि टायर भंगारातून मिळायला लागले. टायरबंडीत ओझं जास्त बसतं, बैलांना ओढायला हलकी, चिखलात रुतत नाही. बाबांनी स्वतः टायरबंडीचे साटे करून दिले. गावात कोणाला वाटलं असेल की ते नाराज होतील, पण त्यांनी पहिली टायरबंडी पाहिली ती बैलाच्या मानेवर हात ठेवून. “याची मान सुटली,” म्हणाले. लाकडी चाकाचा अभिमान होता. ते बैलाला किती महाग पडतं हेही त्यांना माहीत होतं. बंगळुरूच्या आयआयएमचे संचालक राहिलेले एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडी सुधारावी, जू सुधारावं म्हणून कित्येक वर्षं घालवली. बाबांना त्यांचं नावही ठाऊक असायचं कारण नाही, पण जुवाच्या आतल्या बाजूला रंधा मारून ते घोटून देण्यामागं विचार तोच होता.

ट्रॅक्टरनं सुताराचं काम खाल्लं असं सगळे म्हणतात. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. ट्रॅक्टर गावात आला तेव्हा भाड्यानं नांगरटीपुरता आला. पेरणी, डवरणी बैलांवरच होती. बैल गेले ते कडबा गेला म्हणून, आणि कडबा गेला तो जवारी गेली म्हणून.

गावरानी जवारीचं धांडं माणसाच्या डोक्यावर जाई. 1964 साली पहिलं संकरित वाण, सीएसएच-1, आलं आणि त्यामागून ‘हायब्रीड’चा काळ सुरू झाला. दाणा भरपूर, धांडं बुटकं. भाकरीला चव नाही अशी कुरकुर घरोघर होती, पण पोट भरत होतं. बैलांच्या वाट्याला मात्र त्याच वेळेपासून कडबा कमी यायला लागला. त्यानंतर आलं सोयाबीन. जबलपूरच्या कृषी विश्वविद्यालयाचं जेएस-335 हे वाण 1994 सालचं. त्यानं आमच्या भागात बघता बघता जमीन व्यापली. त्यात शेतकऱ्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. शंभर दिवसांत पीक हातात, दिवाळीच्या तोंडावर रोख पैसा, मागून हरभरा पेरायला वावर मोकळं. जवारीला पाखरं राखायची, रोही आणि रानडुकरं राखायची, कणसं खुडायची, आणि बाजारात भाव नाही. रेशनवर गहू-तांदूळ मिळत होता. सोयाबीनचं कुटार जनावरं खातात, पण त्यावर कामाचा बैल उभा राहत नाही. वर्षभराच्या कडब्याची गंजी ज्याच्या घरी नाही त्यानं दोन बैल पोसायचे कशावर? एकेका घरची जोडी बाजारात गेली, पुन्हा आली नाही. मग पेरणीलाही ट्रॅक्टर लागला.

छपरीत हे असं दिसलं: आधी चाकं यायची थांबली. मग जू. तिफणी अजून येत होत्या, पण पेरणारी बाई मिळत नाही म्हणून त्याही थांबल्या. डवरं सगळ्यांत शेवटपर्यंत टिकलं, तणनाशकाची फवारणी सुरू होईपर्यंत.

बलुतं तोवर संपलंच होतं. जवारी नाही तर जवारीचं बलुतं कुठलं. रोखीचा काळ आला, ज्याची बाबांना ओढ होती. आणि तो आला तेव्हा रोख घ्यायला काम उरलं नव्हतं. हे मी त्यांच्यापुढं एकदा बोललो. ते हसले नाहीत. म्हणाले, “तरी बरं. खळ्यावर त नाही जा लागत.”

पन्नाशीनंतरचा माणूस नवं काय शिकणार! बाबांनी दारं-खिडक्या केल्या, देव्हारे केले, अकोल्याला सेंट्रिंगच्या कामावर जाऊन पाहिलं. सेंट्रिंग त्यांना मानवलं नाही. फळ्या ठोकायच्या आणि महिन्याभरानं उपटून टाकायच्या, यात सुतारानं कशाला जायचं, असं त्यांचं मत. त्यातली मजुरी छपरीतल्यापेक्षा चांगली होती. घरकुलांना लोखंडी दारं बसायला लागली तेव्हा थोरल्या भावानं, दादानं, मालेगावला एकाच्या हाताखाली राहून वेल्डिंग शिकून घेतलं. बाबा दुपारी त्याच्या मागं जाऊन बसत. वेल्डिंग केलेला सांधा गार झाला की त्यावरून अंगठा फिरवून पाहत. एवढ्या चटकन जोडलेल्या सांध्यावर त्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

एक शेवटचं मोठं काम त्यांनी घेतलं, शंकरपटाचा छकडा. वजनाला हलका, वळणावर न उलटणारा. बाबांनी त्यात जीव ओतला. आरे इतके बारीक तासले की हाताला वेताचे वाटत. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती बंद केल्या आणि ज्यानं छकडा सांगितला होता तो गृहस्थ फिरकला नाही. इसारा दिला होता तेवढाच. छकडा छपरीत उभा राहिला. नातवंडं त्यावर चढून खेळत. डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली, तेव्हा दोन जण चौकशीला आले. बाबा तोवर राहिले नव्हते. दादानं छकडा विकला आणि चांगल्या भावाला विकला.

2018 च्या दिवाळीच्या सुमाराला सरदार पटेलांच्या पुतळ्याची छायाचित्रं पेपरात झळकली. 182 मीटर उंच, आणि तो घडवणारे राम सुतार धुळ्याजवळच्या गोंदूरचे, वडील गावचे सुतार. मी कौतुकानं बाबांना तो पेपर वाचून दाखवला. सुताराचा पोरगा कुठवर गेला, असं काहीसं मी म्हणत होतो. बाबा चित्राकडं बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “एवढ्या उंचावर पायाड कसं बांधलं असंन?” पुतळ्याबद्दल त्यांना दुसरं काही विचारायचं नव्हतं. पुढचे दोन दिवस ते पायाडाचाच विचार करत होते. काडीनं जमिनीवर रेघा ओढून मला दाखवतही होते.

त्यांच्यामागं, सप्टेंबर 2023 मध्ये केंद्राची विश्वकर्मा योजना आली. अठरा व्यवसायांत सुतार, लोहार दोन्ही. अवजारांसाठी 15,000 रुपये, आधी एक लाखाचं आणि मग दोन लाखांचं कर्ज. चुलतभावाच्या मुलानं माझ्याकडून तिचा अर्ज भरून घेतला. योजना वाईट नाही. फक्त बाबांचं अडलं होतं ते अवजारांवाचून नव्हे. वासले चार होते त्यांच्याकडं, पटाश्यांची तर पेटीच. अडलं होतं गिऱ्हाइकावाचून, आणि ते कुठल्या योजनेत बसतं मला सांगता येणार नाही.

त्या अवजारांचं काय झालं हे गावाकडचे लोक अजून विचारतात, कारण बाबांच्या पटाश्यांना धार टिके. दोन रंधे माझ्याकडं अकोल्याला आहेत. वासले चुलतभावानं नेले. पेटी दादाच्या दुकानात, वेल्डिंग मशीनच्या खाली.

दादाचं दुकान आता महामार्गाच्या बाजूला आहे. मृगाच्या तोंडावर ट्रॅक्टरची पेरणी यंत्रं दुरुस्तीला येतात आणि रांग तशीच लागते. शिमग्यानंतर आणा हे अजूनही कोणी ऐकत नाही. नळ्या बदलून झाल्या की दादा प्रत्येक नळीखाली एकेक पिशवी बांधतो, यंत्राचं चाक हातानं फिरवतो आणि पिशव्या काट्यावर तोलतो. एखादी पिशवी हलकी भरली की पेटी उघडून आतला रोलर खोलतो. गिऱ्हाईक वैतागतं. “चालते ना बावा, कायले एवढं?” दादा उत्तर देत नाही, खोलतोच. झालं की बिलात त्याचे वेगळे पैसे लावतो, आणि फोनवर ते जमा झाल्याशिवाय यंत्र ट्रॅक्टरला जोडू देत नाही. माय जवळच खुर्चीवर बसलेली असते. यात तिला काही वावगं वाटत नाही. बाबांनीही असंच करायला पाहिजे होतं, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.